आत्याबाई, तुमच्या टांगत्या टोपल्या

प्रिय आत्याबाई,

आज तुमचं वर्षश्राद्ध झालं. पाहुणे जेवून दुपारच्या गाडीनं गेले, भांडी घासून पालथी घातली, आणि घर एकदम रिकामं झालं. तुम्हाला वाचता येत नव्हतं. कुणाचं पत्र आलं की मीच वाचून दाखवायची. मग हे कोण वाचून दाखवणार, असं तुम्ही विचाराल. कुणी नाही. मीच लिहिते, मीच वाचते. पण आज तुमच्याशी बोलल्याशिवाय मला राहवणार नाही.

कारण जाताना तुमचे भाऊ, गुंजीचे मामा, उंबऱ्यात थांबून म्हणाले, "पारू, आता बास झालं. सायब लोक निघाले, बंगल्यांना कुलपं पडालीत. तुझ्या टोपल्या घेणार कोण? हे सगळं आवर आणि उचगावला भावाकडं जा."

मामा वाईट नाही बोलले. काळजीनंच बोलले. मी त्यांच्या हातात शिदोरी दिली. तुम्ही असता तर लगेच उत्तर दिलं असतंत!

मामा असेच एकदा आले होते, आठवतं? पलटणीत गेलेला तुमचा लेक, माझा धनी, परमुलखात लढाईत पडला, त्याची तार आली त्या आठवड्यात. मी भिंतीकडं तोंड करून पडले होते. सासरे तर आधीच गेलेले. घरात उरलो आपण दोघी, एक म्हातारी आणि एक तरणी. मामांनी तुम्हाला समजावलं, "अक्का, लेकरू न्हाय, बाळ न्हाय. सुनंला ठेवून काय करालीस? माहेरी धाड."

तुम्ही चुलीपुढं बसला होता. मान वर न करता म्हणालात, "माझा दत्तू गेला. आता हिला बी मीच घालवू व्हय?"

भिंतीकडचं तोंड त्या वेळी पहिल्यांदा मी इकडं वळवलं. तुम्ही पाहिलंत का ते? कधी बोलला नाहीत.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी तुम्ही माझ्यापुढं तारेचा एक गुंतवळा आणून टाकलात. मला त्या शब्दाचीच धास्ती बसली होती. तार म्हटलं की दारात उभा राहिलेला तो खाकी डगल्यातला शिपाई दिसायचा. आणि तुम्ही म्हणता, "ऊठ. ही तार सरळ कर."

किती राग आला होता मला! मनात म्हटलं, हिला काळीज आहे की नाही?

ती तार पलटणीच्या खेचरांच्या तबेल्यातली होती. गवताच्या गठ्ठ्यांना बांधून यायची, गठ्ठा फोडला की तिथंच फेकून द्यायचे. लढाईमुळं बाजारात तार दिसेनाशी झाली होती. तुम्ही तबेल्यातल्या जमादाराला विचारून ती गोळा करून आणायचात. सासरे कॅम्पातल्या साहेबाच्या बंगल्यावर माळी होते, त्यांच्यामागं त्याच बंगल्यातली फुलझाडं तुम्ही सांभाळत होता. तिथल्या व्हरांड्यात नेच्याची हिरवी झाडं लावलेल्या टोपल्या काथ्याच्या दोरीनं टांगलेल्या असत. बेळगावच्या पावसापुढं काथ्या किती टिकणार? एके दिवशी दोरी कुजून टोपली खाली आली, मडमेच्या चहाच्या टेबलावर. कुणाला लागलं नाही, पण मडम म्हणाली, आता टोपल्या नकोतच. सासऱ्यांनी लावलेली झाडं ती. तुमच्या जिवाला लागलं. म्हणून ती तार.

मी तार सरळ करायला लागले. पक्कड हातात धरायची कशी तेही ठाऊक नव्हतं. बोटांना फोड आले. पण तार वाकडी असली की डोळ्यांना दिसते आणि सरळ झाली की हाताला कळतं. तेवढा वेळ दुसरं काही आठवत नाही. तुम्हाला हे ठाऊक होतं का? का नुसतं एक जास्तीचं माणूस कामाला लावलंत? खरं सांगा.

पहिली टोपली तुम्ही चार तारांनी टांगलीत. चारही तारा सारख्या लांबीच्या, तरी एक कुठली तरी सैल पडायचीच आणि टोपली तिकडं कलायची. तुम्ही रोज एक तार आवळायचात, की दुसरी सैल. मी म्हटलं, "आत्याबाई, तीनच लावू या."

"चार पायांचा पाट बघितलीस का तीन पायांचा?"

"पाट जमिनीवर असतो. हे टांगायचं आहे."

"लई शानी हाईस!"

तुम्ही पाण्याला गेलात तेव्हा मी तीन तारांची एक टोपली दारात टांगली आणि ओल्या मातीनं गच्च भरली. तुम्ही आलात, टोपलीला बोटानं ढकललंत, ती हलली आणि परत सरळ होऊन थांबली. हंडा घेऊन आत गेलात. सकाळी बघते तर तुम्ही साऱ्या टोपल्यांची चौथी तार काढून ठेवली होती! "पारू, तुझं बरोबर होतं" एवढं म्हणायला काय झालं होतं तुम्हाला? आजही मला त्याचा थोडा रुसवा आहे, सांगून ठेवते.

पण खरी करामत तुमचीच. तारा टोपलीच्या काठाला बांधायच्या नाहीत, तळाखालून घ्यायच्या, हे तुमचं. "काठ धरून लेकराला उचलतीस काय? बुडाखाली हात घालतीस न्हवं?" आणि वरचा आकडा! साधा आकडा वाऱ्यानं उसळून निघायचा. तुम्ही त्याचं टोक डुकराच्या शेपटीसारखं पीळ देऊन वळवलंत. आपण टोपली फिरवून अडकवायची, फिरवूनच काढायची. वाऱ्यानं कितीही झुलवली तरी ती सुटत नाही. शेपटी नीट वळली की तुम्ही स्वतःशीच हसायचात, आणि मी बघते आहे असं दिसलं की तोंड मिटायचात.

मडमेच्या व्हरांड्यात टोपल्या परत चढल्या. मग शेजारच्या बंगल्यातनं बोलावणं आलं, मग चर्चच्या पडवीसाठी. मामा गुंजीच्या रानातनं नेचे आणि शेवाळ गाडीनं धाडायला लागले. म्हणजे मामाही आपलेच झाले होते की!

आणि मग निपाणी.

तंबाखूच्या वखारवाल्या शेटजींनी नवं घर बांधलं होतं. त्यांनी कॅम्पात आपल्या टोपल्या पाहिल्या आणि घरभरणीला पुढच्या सोप्यात लावायला सांगितल्या. आपण सर्व्हिस मोटारीच्या टपावर टोपल्या बांधून निघालो. ती कोळशाच्या गॅसवरची मोटार! वंटमुरीच्या घाटात सगळे उतारू खाली उतरून चालले. तुम्ही गुडघे धरून चढत होता, तरी दर वळणावर "टोपल्या बघ गं" म्हणत होता.

सोप्यात पाहुण्यांची वर्दळ होती. तुमच्यानं स्टुलावर चढवत नव्हतं, म्हणून मी भोक पाडायचं गिरमिट घेतलं आणि स्टुलावर एक पाय ठेवला. तेवढ्यात पाहुण्यांतल्या एक मावशी पुढं आल्या. माझं मोकळं कपाळ, मोकळे हात बघून म्हणाल्या, "हिच्या हातनं? आजच्या दिवशी?"

मी एक पाय स्टुलावर, एक जमिनीवर, तशीच उभी. वर चढता येईना, मागं फिरता येईना.

तुम्ही टोपल्यांशेजारी जमिनीवर बसला होता. बसूनच बोललात. आवाज चढवला नाहीत. "तार हिनं वळलीया. माती हिनं भरलीया. झाड बी हिच्याच हातानं जगलंय. तेवढं सगळं चालतंय, आणि टांगायला तेवढं चालत न्हाय व्हय?"

मावशी म्हणाल्या, "तुम्ही टांगा की मग."

"मी बी तशीच हाय, बाई. माझं बी कपाळ बघा." आणि मग शेटजींकडं वळून, "हिचा हात नको असंल तर टोपल्या बी नकोत. आमी आलो तशा जातो."

शेटजी पाहुण्यांकडं बघायला लागले. आत्याबाई, त्या क्षणी मला वाटलं, आपण खरंच गेलो तर बरं. मला फक्त पळायचं होतं.

तेव्हा आतल्या दारातनं शेटजींच्या आई आल्या. पांढरं पातळ, वाकलेली कंबर. घरभरणीच्या दिवशी त्याही आपणहून मागच्या खोलीत बसून राहिल्या होत्या. लोकांनी वाट दिली. त्या सरळ माझ्यापाशी आल्या, दोन्ही हातांनी स्टूल धरलं आणि कन्नडमध्ये म्हणाल्या, "हत्तव्वा, अंजब्याड." चढ गं बाई, भिऊ नकोस.

मी चढले. गिरमिट फिरवलं, तुळईत कडी बसवली, तुमचा तो पिळाचा आकडा अडकवला. त्यांनी स्टूल सोडलं नाही. एकेक टोपली झाली की त्याच स्टूल पुढं सरकवत होत्या. शेवटची लागल्यावर त्यांनी तांब्या मागवला आणि म्हणाल्या, "पहिलं पाणी मी घालते." मुलानं आधार दिला, आणि त्यांनी पाणी घातलं. मग त्या मागच्या खोलीत परत गेल्या नाहीत. सोप्यातच बसल्या, आपल्या टोपल्यांखाली, आल्यागेल्याचे नमस्कार घेत. जेवायला आपल्याला त्यांनी शेजारी बसवलं. त्या मावशींनी नंतर आपल्या दोघींच्या पानांवर पोळी वाढली. नजर खाली होती त्यांची, पण वाढली.

परतीच्या मोटारीत संकेश्वर आलं. तुम्ही हळूच विचारलंत, "पाय कापत हुतं व्हय गं तुझं?"

"व्हय."

"माझं बी."

आणि दोघीही हसलो! इतकं, की पुढच्या बाकावरचा माणूस वळून बघायला लागला. घरात तार आल्यापासून मी हसलेच नव्हते, आत्याबाई.

पुढं तुमच्या छातीनं दगा दिला. खोकला जाईना. बाजेवर पडल्या पडल्याही तुमचा डोळा माझ्या हातावर. "पीळ सैल हाय." "शेवाळ दाबून भर." एवढी बोलणारी बाई, पण स्वतःला काय होतंय ते कधी सांगितलं नाहीत. का नाही सांगितलंत? मी काय परकी होते? एका भर दुपारी मी पाणी पाजलं, तुम्ही माझ्या बोटांवरच्या घट्ट्यांवरून अंगठा फिरवलात, आणि डोळे मिटलेत. रागावू नका, पण मला वाटलं होतं, तुम्ही काहीतरी बोलाल.

हे वर्षभर मी एकटीनं काम चालवलं. त्यातच देश स्वतंत्र झाला, झेंडा बदलला. सगळ्या कॅम्पात आनंद होता, मीही लाडू वाटले. पण बंगले रिकामे होऊ लागले, तबेल्यातली खेचरंही गेली, आणि खेचरांबरोबर आपली तार गेली. मामा म्हणतात ते काही अगदीच खोटं नाही.

पण मामांना मी एक सांगितलं नाही. परवा गावातल्या बायकांच्या दवाखान्यातनं डॉक्टरीणबाईंचं बोलावणं आलं. त्यांना बाळंतिणींच्या खोलीपुढच्या लांब पडवीत टोपल्या हव्या आहेत. म्हणाल्या, "बाया दिवस दिवस पडून असतात. डोळ्यांपुढं काहीतरी हिरवं असू दे." काल मी पडवी बघायला गेले. कुठं कडी बसेल, ऊन कुठून येतं, ते बघत होते. दाराजवळच्या खाटेवर खानापूरकडची एक पोरगी होती, कुशीत एका दिवसाचं बाळ. ती माझ्याकडं बघत होती. म्हणाली, "आक्का, ह्ये कुणी शिकवलं तुमास्नी?"

मी म्हणाले, "माझ्या आईनं."

म्हणाले, आणि माझं मलाच ऐकू आलं. 'सासूनं' असं म्हणायचं होतं. पण तोंडातनं तेच आलं, आणि मी ते बदललं नाही.

ती म्हणाली, "मला बी शिकवाल?" तिच्या कपाळावर कुंकू होतं, नवरा बाहेर बसला होता. तिला कसली अडचण नव्हती. तिला नुसतं शिकायचं होतं. दुःख नसतानाही कुणी हे शिकू शकतं, हे माझ्या मनात कधी आलंच नव्हतं!

डॉक्टरीणबाईंना मी "श्राद्ध झालं की सांगते" म्हणून आले. तार कुठून आणायची ते कळत नव्हतं. हुबळीला लोखंडाच्या पेठेत गंज न धरणारी नवी तार मिळते, असं ऐकलं आहे. पण हुबळी! एकटीनं गाडीत बसून मी कधी कुठं गेले नाही.

हे लिहिता लिहिता ठरलं. आत्याबाई, तुम्हाला शब्द देते: उद्या सकाळी डॉक्टरीणबाईंना होकार कळवेन, आणि तशीच स्टेशनावर जाऊन हुबळीचं तिकीट काढीन. भीती वाटेल, पण जाईन. पेठेत भाव करीन, तार निवडून घेईन, आणि ती पोरगी दवाखान्यातनं घरी जायच्या आत पडवी हिरवी करीन. मामांना पत्र टाकते, की पारू उचगावला येत नाही, तिला काम आहे. आणि नेचे धाडा, या वेळी जास्त लागतील.

तुमची लेक,
पारू