माझी स्तुती, माझ्याच हातची

४ मे
ठरलं! फायनान्सला जायचं. दोन वर्षं बिझनेस स्कूल, मग टेबलाच्या पलीकडची खुर्ची.
आज कराराच्या बैठकीत त्या खुर्चीत सौदा जुळवणारा बँकवाला होता. माझ्याहून चार वर्षांनी लहान. अडीच तासांत तीन वाक्यं बोलला, त्यातली दोन कॉफीबद्दल. मी, वकील म्हणून, दोनशे चौदा पानांच्या करारातला एकेक स्वल्पविराम तपासला. निघताना कंपनीच्या मालकानं त्याला मिठी मारली आणि मला विचारलं, "झेरॉक्स कधी मिळतील?"

७ मे
अर्जासोबत निबंध हवा. 'तुम्हाला का बदलायचंय?' माझं पहिलं वाक्य — "अन्यथा सिद्ध न झाल्यास, अर्जदारास नेतृत्वाची आवड आहे."
नवरा वाचून म्हणाला, "छान! सही कुठे करू?"
तो हसला. मला रडू आलं. आठ वर्षं वकिली करून साधं वाक्य लिहिता येईना.

८ मे
निबंध — शून्य शब्द.

१२ मे
शिफारसपत्र मागायला साहेबांकडे गेले. आमच्या फर्मचे मोठे भागीदार. "वाचून सही करतो" म्हणतात आणि न वाचता करतात. वाटलं, चिडतील. छे! मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाले, "अगं, तूच लिही की. मी सही करून पाठवतो."
म्हणजे माझ्या जाण्याचं दुःख करायचं कामही माझ्याच गळ्यात!

१४ मे
सुट्टी. स्वतःची पाठ थोपटायला बसले. लाज वाटेल असं वाटलं होतं, पण कसली लाज! निबंध आठवडाभर अडलाय आणि हे झरझर आलं. औषध कंपनीचा व्यवहार मोडता मोडता कुणी सावरला? मी. साहेब कुठे होते? सहकुटुंब सहलीला. तेही घातलं, सभ्य शब्दांत — "माझ्या अनुपस्थितीत तिने". मग मोजलं तर 'अनुपस्थितीत' सात वेळा!
दोन पानं झाली. वाचून मलाच मी आवडले.

१७ मे
साहेबांनी वाचलं! आठ वर्षांत पहिल्यांदा. सातही अनुपस्थिती खोडल्या, बाकी कशाला हात लावला नाही. चष्मा काढून म्हणाले, "हे सगळं तू केलंस? मला वाटत होतं मीच केलं."
विनोद करत नव्हते.

२३ मे
निबंध गेला एकदाचा. खोडून खोडून तीन वाक्यं उरली होती, तीच पुढे वाढवली. "इतरांनी घेतलेल्या निर्णयांचे कागद करून मी कंटाळले आहे. मला स्वतः निर्णय घ्यायचा आहे. तो चुकला तरी चालेल."
नवरा म्हणाला, "ही तू आहेस." सही कुठे करू, असं नाही विचारलं.

२८ मे
मला भागीदार करतायत! साहेबांनी माझं पत्र सगळ्या भागीदारांसमोर वाचून दाखवलं. "अशी मुलगी आपण बाहेर जाऊ द्यायची?" एक जुलैपासून दारावर माझ्या नावाची पाटी.
आईला फोन केला. आई खूश. मग म्हणाली, "आणि ते कॉलेज गं?"
म्हटलं, बघू.

१ जून
कॉलेजचा मेल आला. मुदत काल संपली. शिफारसपत्र न मिळाल्यामुळे अर्ज बाद.
तडक साहेबांच्या खोलीत गेले. म्हणाले, "अगं, आता त्याची गरज काय?" वर पेढा दिल्यासारखं हसले! अशिलांना रोज बजावते मी — तोंडी शब्दावर विसंबू नका, लेखी घ्या. आणि स्वतः एका 'पाठवतो'वर बसून राहिले.
घरी येऊन साहेबांच्या नावानं मनसोक्त बोटं मोडली. नवऱ्यानंही साथ दिली.

२ जून
नवऱ्याला एक सांगितलं नाही. कॉलेजच्या साइटवर माझ्या अर्जाच्या पानावर लाल अक्षरांत यायचं — 'शिफारसपत्र अद्याप आलेले नाही.' सतरा तारखेपासून मी ते रोज उघडून पाहत होते.