एल्फेजच्या जाकिटाचं तिकीट

।। येशू, मेरी, जोसेफ ।।
नॉर्थ डॉर्सी, व्हरमाँट
२१ फेब्रुवारी १९८४

सौ. सोलांज वन्सं यांस,
ओडील वहिनीचा नमस्कार. वि. वि.

रविवारी तुम्ही दार आपटून गाडीत बसलात. मटाराचं सूप तसंच राहिलं, ते आम्ही अजून खातोय.

मुद्द्याचं लिहिते. सकाळी मिरेयचा कान दुखत होता म्हणून तिचं स्कीचं तिकीट काढलं नव्हतं. दुपारी एल्फेजभावजींचा गुडघा धरला आणि मिरेयचा कान दुखायचा थांबला. मग तुम्ही भावजींचं जाकीट तिकिटासकट लेकीला घातलंत आणि पाठवलीत डोंगरावर नेणाऱ्या लिफ्टवर. तिथे तिकिटं बघायला उभा कोण? तुमचाच भाऊ. पोरीच्या गुडघ्यापर्यंत आलेलं ते लाल जाकीट आंधळ्यालाही दिसलं असतं. यांनी तिकिटाला कात्री लावली. तुम्ही रांगेसमोर त्यांना काय काय बोललात ते मी लिहीत नाही, उपास जवळ आलेत.

आता ऐका. लिफ्टवरच्या माणसाच्या घरच्यांनी तिकीट वाटून वापरलं, तर घरचा फुकटचा पास बंद होतो. आन्येसची शाळेची शर्यत दहा मार्चला आहे. पोर नोव्हेंबरपासून घासतेय. म्हणून यांच्या वरच्या पोमरलोसाहेबांनी मुलगी कोण विचारलं तेव्हा हे म्हणाले, ओळखत नाही. माझ्या घरातला माणूस धडधडीत खोटं बोलला, आणि ते माझ्या लेकीसाठी. माळ जपायला बसले की तेच समोर येतं. काय करू ते तुम्हीच सांगा.

कागद जुन्या कॅलेंडरचा आहे, पाठ कोरी होती. राग ओसरला की दोन ओळी लिहा.

आपली,
ओडील


मँचेस्टर
२५ फेब्रुवारी

ती. सौ. वहिनीस,
सोलांजचा सा. न. वि. वि.

कॅलेंडर पोचलं. पुढल्या बाजूचे संत सगळे वाचले.

वहिनी, दादा सकाळी घसा फोडून सांगत होता, तिकिटाची तार पँटला अडकवा, जाकिटं या अंगावरून त्या अंगावर जातात. तेव्हा एल्फेजची पँट नवी आहे, तिकिटाचा डिंक लागेल, असं कोण म्हणालं? जाकिटाच्या चेनला तार ओवून वर तिकीट कुणी चिकटवलं? तुम्ही. आणि ताटात अर्धं टाकू नका, देवाचं आहे, हे घास घास मोजून कोण सांगतं? तिकीट अर्धंच वापरलं होतं. मी टाकलं नाही, एवढाच माझा गुन्हा.

दादाची कात्री बघा. तारेबरोबर चेनची मूठही गेली, आणि तिला लटकवलेला एल्फेजच्या जुन्या तिकिटांचा झुबका बर्फात पडला. तोच झुबका तो गिरणीत सगळ्यांना दाखवत फिरायचा. त्या दिवसापासून नवरा माझ्याशी मिठापुरतं बोलतो.

खोट्याचं म्हणाल तर गप्प बसा. साहेब विसरतील. आन्येसला उतरू द्या, मग हवी तेवढी माळ जपा.

माया आहेच, ती चेनवर अवलंबून नाही.

तुमची,
सोलांज


।। येशू, मेरी, जोसेफ ।।
नॉर्थ डॉर्सी
५ मार्च

सौ. सोलांज वन्सं यांस,
नमस्कार वि. वि.

मी गप्पच बसले होते. पण उपास सुरू करणारा राखेचा बुधवार परवावर आला आणि हे आज सकाळी न जेवता साहेबांकडे गेले. मुलगी माझी भाची आहे, मी लपवलं, असं सांगून आले.

साहेब म्हणाले, ठाऊक आहे. त्या दिवशी पोरीनं मामा, मीच आहे, असं इतकं ओरडून सांगितलं की वरच्या खोपटातल्या माणसालाही कळलं. दोन आठवडे मी वाट बघत होतो तू कधी येतोस त्याची. यांनी हे घरी येऊन सांगितलं तेव्हा मला हसावं की रडावं कळेना. सगळ्या डोंगराला माहीत असलेलं खोटं आम्ही घरात झाकून बसलो होतो.

नोकरी राहिली. पास महिनाअखेरपर्यंत बंद. आन्येसचं नाव शर्यतीत आहे, पण लिफ्टवर पाय ठेवायचा नाही. ती शनिवारी स्की खांद्यावर घेऊन अर्धा डोंगर चालत चढणार म्हणते. वर पोचेपर्यंत पायात काय उरणार? हे लिफ्ट सोडून जाऊ शकत नाहीत. मला चर्चच्या स्वयंपाकघरात मासे तळायचेत, शब्द दिलाय. बापाशी ती बोलत नाही. मी दोघांवर वैतागलेय, आणि तुमच्यावर सर्वांत जास्त.

झुबका यांनी त्याच संध्याकाळी बर्फातून वेचून आणला होता. चुलीवर वाळवलाय, सोबत पाठवते. भावजींना द्या.

कमीजास्त लिहिलं असेल तर पोटात घाला.

आपली,
ओडील


मँचेस्टर
१२ मार्च

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

तुम्ही मासे तळत होतात म्हणून लिहिते. आन्येस सांगणार नाही, ती तुमच्यावर गेलीय.

शनिवारी आम्ही उजाडताना निघालो. आन्येस पायथ्याशी एकटीच बूट बांधत होती. तिच्या स्की मी खांद्यावर घेतल्या, काठ्या मिरेयनं. स्कीचे जड बूटही मिरेयनं गळ्यात अडकवले आणि आन्येसला साध्या जोड्यात मोकळी चालवली. लिफ्टखालूनच चढलो. वरून बसून जाणारे लोक आमच्याकडे बघत होते. मला दोनदा बसावं लागलं, मिरेयला एकदाही नाही.

आन्येस सहावी आली. पाय ताजे असते तर तिसरी आली असती, असं तिचे मास्तर म्हणाले. तेवढं माझ्या खात्यात मांडून ठेवा.

आता मुख्य सांगते. आम्ही चढायला लागलो तेव्हा वारा सुटला होता आणि मिरेयच्या अंगात तेच लाल जाकीट होतं. दादानं खालून, भरल्या रांगेसमोर, हाक मारून तिला चेन लावायला सांगितलं. मी तिथूनच ओरडून सांगितलं, की चेन तूच कापलीस. रांग हसली. पोमरलोसाहेब हसले. दादा कात्री खिशात घालून मान खाली करून हसत होता, आणि आन्येसनं सोमवारनंतर पहिल्यांदा बापाकडे बघितलं.

जाकीट पाठवतेय. चेन तुम्ही बसवा, तुमच्या डब्यात जुनी असेलच. आणि पुढच्या हिवाळ्यात तार पँटलाच.

एल्फेज बोलायला लागलाय, आता थांबत नाही. भांडणापुरती तरी आठवण ठेवा.

तुमची,
सोलांज