पिवळ्या चिमट्याची चौकशी होणेबाबत

प्रति,
मा. मुख्य ग्रंथपाल,
नगर वाचनालय, कोइवुसाल्मी.

विषय: वाचकांच्या शिफारशींच्या शेल्फवर पिवळा चिमटा लावणाऱ्या व्यक्तीचा छडा लावणेबाबत.
संदर्भ: आपल्या कर्मचारी श्रीमती सिर्क्का तुओमेला यांच्याशी झालेले तोंडी बोलणे (निष्फळ).

महोदया,

मी खाली सही करणार आल्पो किन्नारी, निवृत्त पोस्टमन, सविनय तक्रार करतो की आपल्या वाचनालयात पुस्तकांमार्फत माझ्यावर पाळत ठेवली जात आहे.

शेल्फच्या पद्धतीबद्दल माझी तक्रार नाही. आवडलेल्या पुस्तकाला आपल्या रंगाचा कपड्यांचा चिमटा लावावा, ते खिडकीजवळ ठेवावे, नाव सांगू नये. आपल्या गावात कुणाला तोंडावर "हे वाच" म्हणणे म्हणजे त्याच्या घरात बूट घालून शिरणे. माझा चिमटा हिरवा आहे.

१. माझी पत्नी लाइला वारली त्याच आठवड्यात पिवळा चिमटा एकट्यापुरत्या स्वयंपाकाच्या पुस्तकावर आला. योगायोग समजून मी ते नेले. माशाचे सूप बरे झाले.

२. या सप्टेंबरात मी सफरचंदे काढताना शिडीवरून पडलो. ही गोष्ट मी कोणालाही सांगितली नव्हती. तरी पुढच्याच सोमवारी म्हातारपणी तोल सांभाळण्याच्या व्यायामांचे पुस्तक, चिमटा पिवळा. सबब श्रीमती तुओमेला वाचकांची गुपिते फोडतात, असा मला दाट संशय आला. त्यांना जाब विचारला असता त्या म्हणाल्या, "आल्पो, तिथे काय ठेवायचं ते वाचक ठरवतात. मी फक्त धूळ पुसते." पाणी कुठेतरी मुरत होते, ते इथेच असे मी धरून चाललो.

३. माझे शेजारी ओन्नी पेल्तोला यांच्या सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, छपरावर माझ्या झाडाची सफरचंदे पडतात. त्यावरून आमचा अबोला आहे. त्यांना समज मिळावी म्हणून मी कुंपणाच्या कायद्याच्या पुस्तकाला हिरवा चिमटा लावला. दोन दिवसांत त्याच्या शेजारी सफरचंदाच्या मुरंब्याचे पुस्तक उभे, चिमटा पिवळा. हा निव्वळ आगाऊपणा होय. घरी येऊन पाहिले, तर पेल्तोला यांची होडी त्याच पिवळ्या रंगाची, आणि त्यांची खिडकी माझ्या शिडीसमोर. श्रीमती तुओमेला यांच्यावरील आरोप मी मागे घेतो.

४. आता मुख्य तक्रार. गेले काही आठवडे शेल्फवर पिवळा चिमटा नाही. शनिवारी त्यांच्या सौनातून धूरही निघाला नाही, तेव्हा मी दुकानात विचारपूस केली. कळले, की पेल्तोला आपल्याच पायरीवर घसरले आणि खुब्याचे हाड मोडून रुग्णालयात पडून आहेत. तोल सांभाळण्याचे पुस्तक तेव्हा माझ्याकडे होते, मुदत संपूनही परत न केलेले. मला त्यांची फार काळजी वाटते. हे लिहिण्याचा अर्जाच्या सुरुवातीस माझा हेतू नव्हता.

तरी छडा लावण्याची विनंती रद्द समजावी. आपली रुग्णांना पुस्तके पोहोचवणारी गाडी गुरुवारी जाते. सोबतचे पुस्तक तिच्यातून पेल्तोला यांच्या खाटेपाशी ठेवावे. कोणी पाठवले ते सांगू नये. त्यांना माझा संशय येईल, तो येऊ द्यावा.

आपला, शेल्फवर रोज नजर ठेवून असलेला,
आल्पो किन्नारी
११ नोव्हेंबर

सोबत: तोल सांभाळण्याचे पुस्तक, हिरवा चिमटा लावलेले. मुरंबा, एक बरणी (गाडीत सांडू नये).