आबांच्या गाडीतली वरची धार

प्रिय आप्पा,

हाताला अजून गिअरबॉक्सच्या तेलाचा वास येतोय आणि मी लिहायला बसले आहे. आज जे घडलं ते लगेच फोन करून सांगावं असं होतं, पण ज्यांना फोन लावायचा ते तुम्हीच नाही. म्हणून हे पत्र. आपल्या न्हावऱ्याच्या गॅरेजात आज तुमच्या लेकीनं एका ऑटोमॅटिक गाडीच्या गिअरबॉक्सचं तेल आणि फिल्टर बदललं. गाडी कुणाची, सांगू? आबांची!

हो, तुमच्या थोरल्या भावाची. तुमच्या तेराव्याला सगळ्यांदेखत तेच म्हणाले होते, "पोरीनं गॅरेज चालवायचं आसतं व्हय? शटर वढा आन् गाळा भाड्यानं द्या." आईनं "दिवाळीपर्यंत बघू" म्हणून वेळ मारून नेली. तेव्हापासून दारात येणारी प्रत्येक गाडी म्हणजे माझी परीक्षाच झाली आहे.

खरं सांगू का, तुमचाही राग येतो. घरात जेवताना "वैशूचा हात चांगला हाय" म्हणायचात. पण चारचौघांत, आबांपुढं, "माझ्यामागं गॅरेज हिचं" एवढं बोलायला काय झालं असतं?

आबांची गाडी गिअर बदलताना झटके द्यायला लागली होती. रविवारी दौंडला नातीचा साखरपुडा, आणि पुण्याच्या वर्कशॉपची तारीख मिळाली ती त्यानंतरची. नाइलाजानं माझ्याकडं आले. "बघ जमतंय का. न्हाई जमलं तर सरळ सांग," एवढं बोलून जुन्या टायरवर बसले, ते हललेच नाहीत.

"जिला क्लच न्हाई ती कसली गाडी?" म्हणून तुम्ही ऑटोमॅटिकला कधी हात लावला नाहीत. तरी मला पाबळला गाड्यांचं काम शिकायला धाडलंत. तिथं पहिल्यांदा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स खोलला त्या दिवशी घरी आले, तर तुम्ही चहा गार होईपर्यंत एकेक गोष्ट विचारत बसला होता. आठवतंय? तोंडानं मात्र "खुळखुळा हाय नुसता" असंच म्हणालात.

गाडी गॅरेजातल्या दुरुस्तीच्या खड्ड्यावर घेतली. खालचा चेंबर उतरवला तर तेल काळपट, करपल्याचा वास मारणारं. तळाच्या लोहचुंबकावर बारीक गाळ बसला होता. बोटांत चोळून पाहिला, लोखंडाची कपची कुठं लागली नाही. म्हणजे आतले गिअर शाबूत होते. जीव भांड्यात पडला, आप्पा. नवा फिल्टर बसवला, नवं पॅकिंग लावलं, बोल्ट समोरासमोरचे धरून आवळत गेले, तुम्ही शिकवलंत तसेच. मग जेवढं तेल निघालं होतं तेवढंच नवं मापून ओतायला घेतलं. डाळिंबाच्या रसासारखं लाल तेल.

आणि तिथं घोळ झाला. माप संपलं, पण हात थांबला नाही. वरची धार पडलीच.

तुमचीच सवय ती. दूध मोजून झालं की गवळी भांड्यात थोडं वर घालतो, तसं तुम्ही प्रत्येक इंजिनात मापानंतर जराशी धार सोडायचात. "मोजून थांबलं की गिऱ्हाईक परकं वाटतं," म्हणायचात. इंजिननं ते चालवून घेतलं. हा गिअरबॉक्स चालवून घेत नाही. गाडी चालू ठेवून, तेल गरम करून, सगळ्या गिअरमधून फिरवून गेज पाहिला, तर तेल खुणेच्या वर. मी गोठ्यातली औषध पाजायची नवी सिरिंज आणली, तिला नळी लावली आणि जास्तीचं तेल ओढायला लागले.

आबा ताडकन उठले. "घातलेलं परत काढतीस? तुझ्या बापानं कवा आसं केलं न्हवतं."

"आबा, ह्याला जास्त झालं की तेलाचा फेस होतो. मग पुन्हा झटके."

"मंग धार न्हाई, तर त्याचं गॅरेज म्हणायचं कशाला?"

डोळे भरून आले, तरी तेल ओढत राहिले. खुणेवर आल्यावरच थांबले.

मग आबांनी गाडी दौंडच्या रस्त्याला घातली, मी शेजारी. उसाच्या ट्रॅक्टरमागं हळू, मग मोकळ्या रस्त्याला जोरात. एक झटका नाही. स्टिअरिंगवरची आबांची मूठ सैल झालेली मला दिसली.

परत आल्यावर ते उतरले तसं दार कर्रकन वाजलं. सिरिंजमध्ये ते काढलेलं लाल तेल तसंच होतं. मी ते चारही दारांच्या बिजागऱ्यांना सोडलं. "ही घ्या तुमची वरची धार," म्हटलं.

आबांनी दार उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं. आवाज नाही. मग समोरच्या चहाच्या टपरीवर गेले. तिथं कुणीतरी विचारलं, "आबा, गाडी कुणाकडं दिली व्हती?" आजवर ते आपल्या गॅरेजला 'धाकट्याचं गॅरेज' म्हणत आले. आज भरल्या टपरीत म्हणाले, "आमच्या वैशालीच्या गॅरेजात. दुसरीकडं कशाला जायचं?"

आप्पा, तुमचं जे बोलायचं राहून गेलं, ते तुमच्या भावानं बोलून टाकलं. आता माझा राग गेला.

एक शब्द देते. पाटीवर नाव तुमचंच राहील, आणि वरच्या धारेशिवाय एकही गाडी आपल्या दारातून जाणार नाही. फक्त ती धार कुठं सोडायची, ते आता मी ठरवणार.

तुमचाच हात घेऊन आलेली,
वैशू