घरात कष्ट आणले त्याची हकीकत

नवघर, भाईंदर (पूर्व)

तीर्थरूप दादास, शुभदाचा वाकून नमस्कार.

तुझा गुडघा आता कसा आहे? अनसूयावहिनींचं डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं हे ऐकून जीव भांड्यात पडला. त्यांना म्हणावं, आता नव्या डोळ्यांनी तुझ्याकडे जरा सांभाळून बघा. फोन सोडून ही कागद घेऊन का बसली, असं तुला वाटलं असेल. फोनवर मी हॅलो म्हटल्यापासून ठेवते म्हणेपर्यंत तूच बोलतोस (राग मानू नकोस, एवढी वर्षं बँकेत मॅनेजर होतास, सवय लागते), आणि व्हॉट्सॲपवर लांबलचक लिहिलं की तू अंगठा पाठवून मोकळा होतोस. पत्र तुला शेवटपर्यंत वाचावं लागेल.

आमच्या सुरुचीचं तुला ठाऊकच आहे. सीए फायनलला ती याही खेपेला राहिली. निकालानंतर तिने पुस्तकं बांधून माळ्यावर टाकली आणि परीक्षेचं नाव काढू नका म्हणून सांगितलं. रडली असती तर मी जवळ घेतलं असतं, पण ती नुसती गप्प झाली. कामावर जाते, येते, ताटातलं चिवडते आणि खोलीत जाऊन पडते. पुढच्या परीक्षेचा फॉर्म भरायची मुदत जवळ येऊ लागली तसे आमचे हे (तुझे मेहुणे ईश्वरराव, ज्यांना आजवर साधा नळ दुरुस्त करता आला नाही) मुलगी दुरुस्त करायला उठले. औषध एकच, यशस्वी माणसांच्या गोष्टी, जेवताना घ्यायच्या. कुणी घरोघर पेपर टाकून शिकलेला, कुणी उपाशीपोटी, आणि निम्मे तरी रस्त्यावरच्या दिव्याखाली बसून मोठे झालेले. एके दिवशी सुरुची भात कालवता कालवता म्हणाली, "बाबा, आपल्या घरात ट्यूबलाइट आहे. तिथेच माझं चुकलं."

दुसरा कुणी बाप हसला असता. ह्यांना ते पटलं.

झालं. मोठ्या झालेल्या प्रत्येक माणसाच्या घरी कष्ट होते, आपल्या घरी नाहीत, मग यश येणार कुठून, असा हिशेब मांडून ह्यांनी घरात कष्ट आणले. एसी बंद केला. गिझरच्या बटणावर चिकटपट्टी लावली. लिफ्ट वर्ज्य केली, आणि आम्ही राहतो सातव्या मजल्यावर. एकट्या मुलीला त्रास देणं बरं दिसत नाही म्हणून सगळ्या कुटुंबानेच मोठं व्हायचं ठरलं (मला या वयात मोठं होऊन कुठे जायचंय, हे कुणी विचारलं नाही). आठवडा संपायच्या आत, हातात भाजीच्या पिशव्या असताना, तिसऱ्या मजल्यावर ह्यांची कंबर धरली. समोरच्या जिग्नाबेनना वाटलं, आमच्यावर पैशाचं मोठंच संकट कोसळलंय. त्या डबाभर हांडवो घेऊन आल्या आणि हळूच म्हणाल्या, "भाभी, शरमाना मत, कुछ भी लगे तो बोलना." मी तो हांडवो घेतला, काय सांगणार त्यांना. सुरुची मात्र, ह्यांची कंबर धरली त्याच वेळी, लिफ्टने तिसऱ्या मजल्यावर आली, बाबांच्या हातातल्या पिशव्या घेतल्या, त्यांना लिफ्टमध्ये उभं केलं आणि वर घेऊन आली. मला वाटतं, ती रागावली असती तर ह्यांना कमी लागलं असतं.

तरी माणूस हटेना. कंबरेला पट्टा बांधून म्हणाले, नुसत्या गोष्टी सांगून भागत नाही, यशस्वी माणूस प्रत्यक्षच दाखवला पाहिजे. आता माझ्याबरोबर ऑफिसात डेल्फिन म्हणून होती, उत्तनच्या कोळीवाड्यातली, तिचे काका मोझेस. लहानपणी बाप गेला, दुसऱ्यांच्या होड्यांवर राबले, आज स्वतःच्या बोटी आहेत, बर्फाचा कारखाना आहे. मी डेल्फिनला फोन केला (हो, मीच केला, सगळं खापर ह्यांच्यावर फोडत नाही) आणि रविवारी आम्ही तिघं उत्तनला गेलो. ह्यांनी बरोबर शाल आणि नारळ घेतला होता. आपल्याकडे कुणाचं यश जवळून बघायचं तर आधी त्याच्या अंगावर शाल घालावी लागते. मोझेसकाका बनियनवर ओटीवर बसले होते. भर उन्हात त्यांना शाल पांघरली. त्यांनीही बिचाऱ्यांनी ती शेवटपर्यंत काढली नाही, घाम पुसत बसले.

मग ह्यांनी मुद्द्याला हात घातला. म्हणाले, एवढ्या कष्टातून तुम्ही वर आलात, ते आमच्या मुलीला जरा सांगा. काकांनी सुरुचीकडे पाहिलं. ती अंगणात वाळत टाकलेल्या बोंबलांकडे बघत होती.

"कष्टानं मानूस मोठा होतो असं काय न्हाय," काका म्हणाले. "माझे दोन भाऊ याच घरात होते. त्यांनी काय कमी कष्ट केले? ते न्हाय झाले मोठे. त्यांच्या अंगावर कोन शाल घालतो?"

ह्यांचा चेहरा पडला. पण चिकाटी सोडतील तर ते ईश्वरराव कसले. त्यांनी विचारलं, मग पुन्हा पुन्हा समुद्रात जायला तुम्हाला धीर कुठून यायचा?

"आईकडून," काका म्हणाले. "हात हलवत आलो तरी आई ताट वाढायची. काय मिलालं, कधी इचारलं न्हाय. म्हनून दुसऱ्या दिवशी परत जायला लाज न्हाय वाटली."

यावर ह्यांनी पिशवीत राहिलेला नारळ काढून काकांपुढे ठेवला. सुरुचीने तिथे जेवताना तळलेले बोंबील मागून मागून खाल्ले. कित्येक दिवसांनी तिला असं जेवताना पाहिलं आणि मला भरून आलं.

घरी आल्यावर ह्यांनी चिकटपट्टी काढली. गोष्टी बंद झाल्या. दादा, काही न विचारता जेवायला वाढणं किती कठीण असतं, हे करून बघितल्याशिवाय कळायचं नाही. ह्यांच्या ओठांवर गोष्ट आली की ते तोंडात पापड कोंबतात. पापडांचं पाकीट दोन दिवस पुरत नाही. मीही ताट ठेवताना 'मग काय ठरवलंस' हे शब्द गिळते. आम्हाला वाटायचं, धीर तिने शिकायचा आहे.

बाकी सगळं ठीक. वहिनींना नमस्कार, नातवंडांना पापा, आणि गुडघ्याला तेल लावत जा.

तुझी,
शुभदा

ता. क. पुढच्या आठवड्यात तू राहायला येतोयस, त्यासाठीच खरं तर हे पत्र. सुरुचीला परीक्षेचं काही विचारू नकोस. आणि परळच्या खोलीत, गॅलरीतल्या दिव्याखाली बसून तू कसा शिकलास, तेही या वेळी राहू दे. खरं आहे ते, मी साक्षीदार आहे. त्याच खोलीत मीही होते, तुला आवाज होऊ नये म्हणून भांडी हळू घासत होते. आई तुझ्यापुढे चहा ठेवून न बोलता आत यायची. तसा एखादा कप माझ्यापुढेही हवा होता रे. तुझ्यावर राग नाही, पण वाईट वाटतं. जमणार नसेल तर सरळ दिवाळीनंतर ये.

ता. क. २ पाकीट चिकटवणार होते, पण आता जेवताना काय झालं ते लिहिलं पाहिजे. सुरुची आपणहून म्हणाली, "बाबा, फॉर्मची मुदत काल संपली. मी नाही भरला." ह्यांनी हातातला पापड खाली ठेवला. मला वाटलं, आता पहिल्यापासून सगळं सुरू होणार. पण त्यांनी भाताचं पातेलं पुढे ओढलं आणि तिला म्हणाले, "अजून थोडा घे, गरम आहे."