बेंबळी शेवटी

३० एप्रिल १९८६
चुलतभाऊ कोंडीरामच्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर पत्र्याचं छप्पर ठोकलं. आत बाज, स्टोव्ह, पाण्याचं पिंप. चाकावरचं घर! कुठंही थांबा, लॉजचं बुकिंग नको. प्रोग्राम: रामलिंग, तुळजापूर, बेंबळी शेवटी.
बेंबळीला हिची धाकटी बहीण मथुरा असते. असायची. ती गेल्याचं भाच्याचं पत्र येऊन अकरा दिवस झाले. हिला वाचता येत नाही, पत्रं मीच वाचतो. सांगणारच आहे. आधी टूरनं मन ताजं होऊ दे.

३ मे, येडशी
रामलिंगचा ओढा कोरडा. वानरांनी भाकरी पळवल्या. ही हसली, किती वर्षांनी! म्हणाली, हे मथुरेला सांगते. हसत्या माणसाला कसं सांगायचं? उद्या नक्की.

४ मे, तुळजापूर
लग्नसराई. गाव नव्या जोडप्यांनी भरलेलं. पोलिसानं ट्रॉली तीनदा हलवायला लावली. शेवटी गावाबाहेर बाभळीखाली मुक्काम. पिंप रिकामं, हिची पाठ धरलेली. लॉज बघा म्हणत होती. सगळे फुल्ल.
दर्शन झालं की सांगायचं ठरलं होतं. पण हिनं मथुरेच्याही नावानं ओटी भरली. राहिलं.

५ मे
हिचं एकच, बेंबळीला चला. मी प्रोग्रामात नळदुर्गचा किल्ला वाढवला. कोंडीराम म्हणाला, दादा, वहिनीला किती फिरवायचं? त्याला ठाऊक आहे. दुपारी तोंड उघडलं आणि म्हणालो, ऊन फार आहे.

७ मे, बेंबळी
दारात भाचा उत्तरेश्वर. भादरलेल्या डोक्यावर केस नुकतेच फुटलेले. ही ट्रॉलीतून उतरली आणि तिथंच थांबली. मला सांगावंच लागलं नाही.
रडली नाही. पत्र कधी आलं, एवढंच विचारलं. रामनवमीच्या दुसऱ्या दिवशी, म्हणालो.
"तवा मी शेवया वळत हुते," ती म्हणाली. "तुमी शेजारी बसून वाचलं आन् म्हणलं, सोसायटीचं हाय."

८ मे
बाहेर ट्रॉलीत बसून आहे. बाया भेटायला येतात, आत जातात. ही बाहेर आली नाही. दोनदा निरोप पाठवला. उत्तरेश्वरनं पाणी आणून दिलं.
कोंडीरामला परत आपल्या गावात पाण्याच्या टाक्या पोचवायच्यात. त्याला म्हणालो, थोडं थांब, येईल.
"न्हाय येत, दादा. बसा ट्रॅक्टरवर, निघू."
बसलो.