चहा नसलेला चहा

३ मार्च, सोमवार

बंद म्हणजे बंद! डॉक्टरीणबाईंनी सासूबाईंच्या छातीचा कागद दोनदा बघितला आणि म्हणाल्या, "आजी, ठोके चुकताहेत. आजपासून चहा नाही, कॉफी नाही." सासूबाईंनी गरीब गायीसारखी मान डोलावली. जिना उतरेपर्यंत. रस्त्यावर आल्यावर म्हणतात, "पोरसवदा आहे गं ती. तिला काय कळतंय!"

घरी आल्या आल्या चहापत्तीचा डबा खालच्या बाईला देऊन टाकला. (आम्ही तिला रेडिओ म्हणतो. बंदच होत नाही.) डोळ्यांसमोर नकोच. मीही सोडला. एकीनं भुरके मारायचे आणि दुसरीनं बघत बसायचं, हे मला जमायचं नाही.

४ मार्च

डोकं ठणकतंय. कामावर दोन शर्टांची काजं तिरकी केली. मशीनला शिव्या घातल्या.

६ मार्च, गुरुवार

वाचनालयातून पुस्तक आणलं – फुलं, फळं, पाला घालून करायची पेयं. शाळा माझी चौथीत सुटली, पण छापलेलं काही मी सोडत नाही. त्यात म्हटलंय, यात चहाचं पानच नसतं, म्हणून झोप उडवणारं, धडधड वाढवणारं ते द्रव्यही नसतं. हेच तर हवं होतं!

सुकवलेली जास्वंद, सफरचंदाच्या साली, बोटभर आलं. चहासारखं खळाखळा उकळलं. आंबटढाण! सासूबाईंनी एक घोट घेतला, कप उजेडात धरला. "अगं, कापड रंगवायचं होतं का तुला यात?"

मग पान उलटलं. उकळायचं नसतंच – वरून गरम पाणी ओतायचं आणि झाकून ठेवायचं. आधी वाचायला काय झालं होतं मला!

९ मार्च, रविवार

बडीशेप आणि संत्र्याची साल – "कुणाचं पोट बिघडलंय का घरात?" गवती चहा (नावालाच चहा, आहे गवतच) – "डास पळतील एवढं नक्की." पुदिना – "दात घासल्यासारखं वाटतं." मी म्हटलं, आई, एकदा तरी बरं म्हणा! तर म्हणे, "गरम आहे. तेवढं बरं आहे."

हसू आलं. मग हसू आल्याचा राग आला.

हे असते तर मधे बसले असते. दोघींची बाजू घेतली असती आणि दोघींची बोलणी खाल्ली असती. आता मधली खुर्ची रिकामी, आम्ही दोघी समोरासमोर.

१० मार्च

पुदिना त्यातल्या त्यात घशाखाली उतरतो, म्हणून दुकानातून तयार पाकीट आणलं. "ताई, एकदम नैसर्गिक," दुकानदार म्हणाला. सासूबाई रात्री जेवणानंतर दोन कप प्यायल्या. "हे जमलं हो तुला!" हुश्श.

११ मार्च, मंगळवार

कसलं हुश्श! सासूबाई रात्रभर टक्क जाग्या. सकाळी बघते तर हात छातीवर. पाकीट उलटं करून वाचलं. पुढे पुदिन्याचं चित्र हे एवढं, मागे मुंगीएवढ्या अक्षरांत – हिरवा चहा, चवीला पुदिना. म्हणजे चहाचंच पान, नुसतं हिरवं! म्हणून आवडलं होय त्यांना! आणि मी – पुड्याचा कागदही वाचल्याशिवाय न टाकणारी!

कामावर गेले नाही. दिवसभर त्यांची नाडी धरून बसले. "सोड गं, मनगट मोडशील," म्हणाल्या. सोडलं नाही. ह्यांचाही हात असाच हातात होता. या घरातून आणखी कुणाला जाऊ देणार नाही मी.

१४ मार्च, शुक्रवार

लवकर सुटले. जिन्याशी आले तर रेडिओच्या दारात सासूबाईंच्या चपला! आत गेले. बाईसाहेब बशीत चहा ओतून फुंकर मारताहेत! रेडिओ जन्मात पहिल्यांदा गप्प. सासूबाई म्हणतात, "फुकटचा नाही पीत कुणाचा. आपल्याच डब्यातला आहे."

रोज दुपारी चाललंय हे! आणि मी मूर्ख सफरचंदाच्या साली वाळवतेय!

वर आल्यावर नको नको ते बोलले. "एक दिवस ठोका चुकला की चुकला! मग मला सांगायला कोण येणार, रेडिओ?" त्या चष्मा पुसत बसल्या. मग म्हणाल्या, "माझ्या पोरानं पन्नाशी बघितली नाही. मी ऐंशीची होऊन बसलेय. चहा सोडून अजून वर्षं मिळवायची? कुणासाठी? श्वास घ्यायची लाज वाटते गं मला."

स्वयंपाकघरात गेले. तिथून ओरडले, "मग मी भांडू कुणाशी?"



१५ मार्च

अबोला. दोघीही भांडी जोरात ठेवतोय.

१७ मार्च, सोमवार

हरले. डबा परत आणला. "अर्धा संपलाय हां," रेडिओ म्हणाली. संपू दे. उद्या मीच करून देते. ह्यांच्या मागे काय कमी पथ्यं लावली होती? ज्याला नको आहे त्याला धाकात ठेवून जगवता येत नाही.

रडले नाही. फार चिडलेय, रडायला जागाच नाही.

१८ मार्च, मंगळवार

सकाळी चहा केला. खरा, दुधाचा. घरभर वास. सासूबाईंपुढे ठेवला. त्यांनी वास घेतला. मग कप माझ्याकडे सरकवला.

"हा तू घे. मला तुझं ते कसलं तरी पाणी कर. आणि सांगून ठेवते, तुझ्या हाताला चव नाही ती नाहीच. चल, भांड आता."